संकल्पचित्रात घटक सगळे आहेत, तरी चित्र सुटत का नाही?

कुंचला_सातारा

आठवी-नववीच्या मुलांची चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्राची (डिझाइनची) तयारी करून घेते. रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश ही यादी मुलांना तोंडपाठ आहे. कुठलंही चित्र समोर ठेवलं तर बोट ठेवून ‘ही रेषा, हा पोत’ असं बिनचूक दाखवतात. स्वतः चौरस भरायला बसली की मात्र सगळं अंगावर येतं.

एक नमुना सांगते, म्हणजे नेमकं बोलता येईल. २० सेंमीचा चौरस. मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर पोपट, खाली लाटा, भोवती दीड सेंमीची किनार. पोपट हिरवे, कमळ तांबडं, मागचा भाग निळा, किनार पिवळी. पोस्टर कलर, बाटलीतून काढले तसे. पाकळ्या, पंख, लाटा सगळीकडे बारीक रेघा आणि ठिपके, आणि शेवटी सगळ्यावर काळ्या मार्करची एकसारखी आउटलाइन. काम स्वच्छ आहे, रंग कुठे बाहेर गेलेला नाही, सममिती चोख आहे. पण चार फुटांवरून बघितलं की ना कमळ दिसत, ना पोपट. नुसती गर्दी.

यात नेमकं काय चुकतंय, आणि घटक शिकवायचे तर कुठल्या क्रमाने? व्याख्या नकोत, त्या आहेत. कागदावर करून घेता येईल असं सांगा.

रेघोटी

ताई, वर्णनावरूनच सांगतो, दुखणं छटेचं, म्हणजे उजळ-गडदपणाचं आहे. रंग बदलला की आकार वेगळा दिसेल असं मुलांना वाटतं. जवळून ते खरंही असतं. लांबून आकार सुटतो, म्हणजे वेगळा उठून दिसतो, तो मुख्यतः उजळ-गडद फरकाने. बाटलीतला तांबडा, हिरवा आणि मध्यम निळा हे तिन्ही उजेडाच्या हिशेबात जवळपास एकाच पायरीवर बसतात. तुमच्या नमुन्यात कमळ, पोपट आणि मागचा भाग या तिघांची छटा एक, म्हणजे डोळ्याच्या लेखी तो एकच डाग. उजळ काय ती फक्त किनार. त्यामुळे नजर थेट किनारीवर जाते, जिथे बघण्यासारखं काही नाही.

खात्री करायची तर चित्राचा फोनवर फोटो काढा आणि साधा ब्लॅक अँड व्हाइट करा. कॉन्ट्रास्ट वाढवणारे झगमगीत फिल्टर नकोत, ते खोटं सांगतात. परीक्षेत फोन नसतो, तिथे डोळे बारीक करून बघायची सवय हवी. पापण्या इतक्या मिटायच्या की बारीक रेघा नाहीशा होतील आणि नुसते डाग उरतील. डाग वेगळे दिसले नाहीत तर पुढे कितीही नक्षी भरा, उपयोग नाही.

शिकवायला सुरुवात पाच पायऱ्यांच्या पट्टीने करा. २ सेंमीचे पाच चौकोन ओळीत. पहिला पांढरा, पाचवा काळा. मग थेट तिसरा करायचा, क्रमाने दुसरा नव्हे. पांढरा आणि काळा या दोघांपासून सारखाच दूर वाटेल असा करडा सापडला की दुसरा म्हणजे पहिल्या-तिसऱ्याच्या मधला, चौथा म्हणजे तिसऱ्या-पाचव्याच्या मधला. क्रमाने करत गेलं की मुलं पहिल्या तीन चौकोनांतच काळ्याजवळ पोचतात आणि शेवटचे दोन एकसारखे होतात.

इथे हमखास होणारी गडबड: मुलं अर्धा पांढरा, अर्धा काळा मिसळतात. येतो तो मधला करडा नसतोच, काळ्याचा धाकटा भाऊ असतो. कारण काळ्याचा जोर पांढऱ्यापेक्षा खूप जास्त असतो. शिवाय डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही, म्हणून मधला करडा मापाने नव्हे, नजरेने ठरवायचा. आपल्याला ‘मधला’ वाटणारा करडा पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा परत फेकतो. फोटोग्राफरांचं उजेड मोजायचं ग्रे कार्ड ५० टक्क्यांचं नसून १८ टक्क्यांचं असतं, ते याचमुळे. तेव्हा आधी पांढरा घ्यायचा आणि त्यात काळा कुंचल्याच्या टोकाने, थोडा थोडा. उलट केलं तर अर्धी बाटली पांढरा संपतो तरी करडा काही उजळत नाही.

पट्टी जमली की चित्राकडे. थेट २० सेंमीवर जायचंच नाही. ५ सेंमीचे चार-सहा छोटे चौरस आखायचे आणि फक्त तीन छटांत मांडणी करायची: कोरा कागद, पेन्सिलचा मधला करडा, दाबून काळा. एकीला अर्ध्याहून जास्त जागा द्या, दुसरीला साधारण तिसरा हिस्सा, तिसरीला उरलेली थोडी. कुठली कुणाला द्यायची ते मुलांनी ठरवावं. पण तिघींना सारखं वाटलं की पुन्हा गर्दी. तुमचंच चित्र घ्या: मागचा भाग गडद, पोपट मधले, कमळ उजळ, किनार परत गडद. किनारीचा पिवळा सोडून बाकी रंग तेच ठेवूनही लांबून कमळ आधी दिसेल, मग पोपट.

मोकळी_जागा

छटेचं पटलं. पण या नमुन्यात आकारांचंही काही कमी चुकलेलं नाही, आणि ते छटेने झाकलं जाणार नाही.

न बघता सांगते: पोपटांच्या चोची पाकळीच्या टोकाला टेकलेल्या असणार, आणि शेपट्या किनारीला. सममित मांडणीत मुलं हटकून असं करतात, कारण टेकवलं की ‘बसलं’ असं वाटतं. दोन आकार एका बिंदूत टेकले की तिथे नजर अडकते. कोण पुढे, कोण मागे ते कळत नाही आणि अवकाश सपाट होतो. उपाय दोनच. एक तर चांगलं झाकून टाका, म्हणजे पोपटाचा निदान पाव भाग पाकळीमागे जाऊ द्या. नाहीतर स्पष्ट फट ठेवा, २० सेंमीच्या चौरसात निदान ५-६ मिमी. अधलंमधलं काही नको. शेपटी किनारीवरून बाहेर काढली किंवा किनारीखाली घातली तरी चालते, पण टेकवायची नाही.

दुसरं, मापं. मुलांच्या चित्रात कमळ ६ सेंमी, पोपट ६ सेंमी, लाटांचा पट्टाही तेवढाच. सगळेच सारखे असले की मुख्य कोण ते ठरत नाही. एक आकार ठळक मोठा घ्या, ९-१० सेंमीचा. दोन-तीन मधले, ४-५ सेंमीचे. बाकी बारीक, १ ते २ सेंमी. पाकळ्यांनाही हेच लागू. सगळ्या एका मापाच्या काढल्या तर कमळाचं चक्र होतं. मधली रुंद, कडेच्या निमुळत्या, खालच्या अर्ध्या झाकलेल्या असं केलं की आकार तोच राहूनही लय येते.

आणि मोकळी जागा. यादीतला ‘अवकाश’ हा शब्द मुलं सर्वांत पटकन पाठ करतात आणि कागदावर सर्वांत आधी विसरतात. दोन पोपटांच्या मानेमधली, कमळाच्या वरची जी जागा आहे तिलाही आकार आहे, आणि तो कुणीतरी काढलेला असायला हवा. एक सराव घ्या: पेन्सिलने मांडणी झाली की पोपट-कमळ तसंच ठेवून फक्त मधल्या मोकळ्या जागा काळ्या करायच्या आणि कागद उलटा धरायचा. काळे तुकडे बघण्यासारखे वाटतात का? सगळे सारख्याच मापाचे फुटकळ तुकडे असतील तर मांडणी मोडा. एक मोठी मोकळी जागा, दोन-तीन मधल्या, थोड्या बारीक फटी, असा हिशेब इथेही हवा. मुलांना मोकळी जागा दिसली की भरायची सुरसुरी येते. एखादं फुलपाखरू, दोन पानं. तो हात तिथेच धरायचा.

हे समजावायला वारली चित्रासारखं साधन नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस. रंगसंगतीचा प्रश्नच नाही, आणि छटा दोनच. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोकं गोल, हातपाय रेघा. त्रिकोण कुठल्या बाजूला कलले एवढ्यावर माणूस वाकलाय, नाचतोय की ओझं वाहतोय ते कळतं. तारपा नाचाचं चित्र घेऊन बसा. नाचणाऱ्यांची रांग वळत वळत जाते, आणि दोन माणसांमधलं अंतर व झुकाव यांनीच ती फिरते. ती अंतरं मुलांना पट्टीने मोजायला लावा. सारखी निघत नाहीत, आणि त्यामुळेच रांग हलल्यासारखी वाटते. लग्नचौकात, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढतात त्या चित्रात, तर पालघट देवीभोवतीच्या चौकटीत इतकी दाट नक्षी असते, तरी देवी हरवत नाही. का, ते मुलांनाच शोधू द्या.

सममितीबद्दल एक. परीक्षेला सममित मांडणी सुरक्षित पडते, हरकत नाही. ट्रेसिंग पेपरवर अर्धंच चित्र काढायचं, मधोमध दुमडून घासायचं. पण कमळ चौरसाच्या बरोबर मध्यावर ठेवलं तर ते खाली घसरल्यासारखं वाटतं. भूमितीच्या मध्यापेक्षा ५ ते १० मिमी वर घ्या.

वर्णचक्र

वरच्या दोघांशी बहुतेक सहमत, पण ‘आधी छटा, रंग नंतर’ हे मुलांना अगदी असंच सांगू नका. पेन्सिलमध्ये कमळ सर्वांत गडद ठरवलं आणि रंगाच्या वेळी ते पिवळं हवंसं वाटलं तर काय करणार? गडद पिवळा नावाचा रंग नसतो. पिवळ्यात काळा घातला की शेवाळी होतो. प्रत्येक रंगाची शुद्ध अवस्थेतली जागा पट्टीवर ठरलेली असते: पिवळा अगदी वर, नारिंगी त्याखाली, तांबडा-हिरवा मधे, निळा खाली, जांभळा तळाशी. त्यामुळे तीन छटांची मांडणी करतानाच कुठल्या डागाला कुठला रंग ते शेजारी टिंब देऊन ठरवायचं. दोन्ही कामं एकत्र होतात.

रंग किती? तीन, फार तर चार, शिवाय पांढरा आणि काळा. तुमच्या नमुन्यात चार शुद्ध रंग पूर्ण ताकदीने बोलतायत. त्यातला एकच पूर्ण ताकदीचा ठेवा, तोही थोड्या जागेत. बाकीच्यांना पांढऱ्याने फिकट करा किंवा विरोधी रंगाने (रंगचक्रावर समोरासमोर असलेल्या) थोडं मारा, म्हणजे त्यांची झळाळी कमी करा. हिरवा मारायचा तर त्यात तांबडा, आठ-दहा भागांना एक भाग इथपासून सुरुवात. काळ्याने मारलेला हिरवा मळका होतो, तांबड्याने मारलेला मुरतो. पिवळा मारायला यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा किंचित बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी). तांबड्यात नुसता पांढरा घातला की थंड गुलाबी होतो, त्याला ऊब हवी असेल तर नारिंगीचा एक थेंब.

तांबडं-हिरवं शेजारी आल्यावर कड थरथरते ना, ती तक्रार या दोन रंगांची नाही. विरोधी रंग, छटा एक आणि दोन्ही शुद्ध, हे तिन्ही एकत्र आलं की कड हलते. तिघांतलं एक काढा. हिरवा दोन पायऱ्या गडद करा, किंवा एक रंग मारा, किंवा मधे १-२ मिमीची पांढरी किंवा खूप गडद रेघ सोडा. पोपटाची लाल चोच हिरव्या अंगावर त्रास देत नाही, उलट शोभते, कारण तिथे जागेचं प्रमाण विषम आहे.

प्रमाणावरून आठवलं. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत १९१९ ते १९२३ या काळात शिकवणाऱ्या योहानेस इटेनने जर्मन कवी ग्योथेच्या नावे चालत आलेले उजळपणाचे आकडे वापरले: पिवळा ९, नारिंगी ८, तांबडा ६, हिरवा ६, निळा ४, जांभळा ३. जागा त्याच्या उलट द्यायची. म्हणजे पिवळा १ भाग तर जांभळा ३, नारिंगी १ तर निळा २, तांबडा-हिरवा सारखे. हे आकडे पूर्ण शुद्ध रंगांपुरते आहेत, आणि ते समतोल साधतात. तुम्हाला समतोल नको, उठाव हवा असेल तर मुद्दाम मोडा. परीक्षेच्या चित्रात तांबडा आणि हिरवा निम्मे-निम्मे हा तर सर्वांत कंटाळवाणा मार्ग. मुलांना एवढं कळलं तरी पुरे की २० सेंमीच्या चौरसाला पिवळी किनार दिली, तर दीड सेंमी रुंदी धरून १११ चौसेंमी पिवळा होतो. चित्राच्या पाव हिश्शाहून जास्त! किनार ‘बारीकच तर आहे’ असं वाटतं, हिशेब कोणी करत नाही.

शेजारच्या रंगाचा परिणाम दाखवायला एक झटपट सराव. ६ सेंमीचे दोन चौकोन, एक काळा, एक पांढरा. एकाच वाटीतला करडा घेऊन दोन्हींच्या मधे २ सेंमीचा चौकोन भरा. काळ्यातला करडा उजळ दिसतो, पांढऱ्यातला गडद. मुलं पैज लावतात की रंग वेगळा आहे. याच कोड्याने पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाला पछाडलं होतं. निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने धागा तपासला, रंगात खोट नव्हती. शेजारचा रंगच काळ्याचं पाणी उतरवत होता. १८३९ साली त्याने हे सविस्तर मांडलं. म्हणून वाटीत रंग जुळवून भागत नाही, शेजारी लावून बघावा लागतो.

आडवीउभी

थोडं विषयांतर. पाश्चात्त्य यादीच का घोकायची? आपल्याकडे षडंग आहेतच की: रूपभेद (आकाराआकारांतला वेगळेपणा), प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. कामसूत्रावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत ही सहा अंगं दिलेली आहेत. आणि मूलघटक पाच, सहा की सात, यावर प्रत्येक पुस्तकाचं वेगळंच. कुठे बिंदू धरतात, कुठे घनाकार.

रेघोटी

आडवीउभी, षडंगं जरूर शिकवावीत, पण ती या यादीच्या जागी बसत नाहीत. भाव आणि सादृश्य हे चित्र कसं उतरलं याबद्दल आहेत, रेषा-छटा हे ते कशाने बनलं याबद्दल. रूपभेद आणि प्रमाण मात्र मोकळी_जागा यांनी वर सांगितलं तिथेच येऊन मिळतात. कमळाची पाकळी आणि पोपटाचं पीस एकाच बदामी आकाराचं काढलं असेल तर रूपभेद कुठे राहिला? घटक पाच की सात या वादात तोंडी परीक्षेपलीकडे काही नाही.

कुंचला_सातारा

सगळ्यांचे आभार. चोची खरोखरच टेकलेल्या आहेत, आणि किनारीचा हिशेब तर डोक्यातच आला नव्हता.

आता हातातल्या अडचणी. मागचा भाग मोठा असला की पोस्टर कलरचे डाग पडतात. दुसरा हात दिला तर खालचा रंग उखडून वर येतो. गुलाबीवर पांढरा दिला तर तोही गुलाबी होतो. काळी आउटलाइन नको म्हणावं तर मुलं ऐकत नाहीत, ‘फिनिशिंग’ दिसत नाही म्हणतात. आणि पोताबद्दल अजून कोणी बोललं नाही.

वाटी_आणि_पाणी

डागांची कारणं बहुतेक वाटीतच असतात. बाटलीत रंग खाली बसतो आणि गोंदाचं पाणी वर येतं. वरवरचा घेतला तर चकाकतो, पण झाकत नाही. काडीने तळापर्यंत ढवळून मगच काढायचा. दाटपणा घट्ट ताकाएवढा: कुंचला उचलला की थेंब टपकन पडू नये, ओघळावा.

रंग किती कालवायचा हे मुलांना कोणी सांगतच नाही. २० सेंमीचा चौरस म्हणजे ४०० चौसेंमी. ओला थर मिमीच्या दहाव्या हिश्शाचा धरला तर ४ मिली रंग लागतो, चहाचा एक चमचा जेमतेम. वाटीला आणि कुंचल्याला लागतो तो धरून दोन चमचे एकदम कालवा. मधेच संपला आणि पुन्हा मिसळला की तो रंग कधीच जुळत नाही, आणि तुम्ही म्हणता तो डाग तिथेच पडतो. त्यात वाळल्यावर फिकट रंग थोडा गडद होतो आणि गडद रंग थोडा फिकट. म्हणून त्याच कागदाच्या कडेला बोटभर लावून, पूर्ण वाळवून मग ठरवायचं.

लावताना चपटा ब्रश, ८ नंबरच्या आसपासचा. बोर्ड किंचित उतरता. वरून सुरुवात करून ओली कड पुढे नेत राहायचं. अर्धवट वाळलेल्या भागात ब्रश परत घातला की मेलं. पोस्टर कलरमधला गोंद पाण्याने पुन्हा विरघळतो, त्यामुळे दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच, आधीपेक्षा दाट, आडव्यावर उभा, आणि एका फटकाऱ्यात. घासलं की खालचा वर येणारच. तिसरा-चौथा हात देऊ नका. जाड थर कागद वाकला की तडकतो.

गुलाबीचं असं की क्रिमझन, मजेंटा जातीचे काही रंग डायवर (विरघळणाऱ्या रंगावर) बनलेले असतात आणि वरच्या पांढऱ्यात झिरपतात. कितीही हात द्या, ते वर येतातच. तिथे पांढरा हवा असेल तर आधीच कागद कोरा सोडायचा. नाहीतर तांबड्यासाठी व्हर्मिलियन वापरून बघा, तो एवढा झिरपत नाही. कुठलाही रंग असो, आधी कोपऱ्यात वाळवून त्यावर पांढरी रेघ मारून बघायची, पाच मिनिटांत समजतं.

कागद चारही बाजूंनी टेपने किंवा क्लिपांनी बोर्डावर पक्का करा. मागचा भाग ओला झाला की कागद फुगतो, आणि फुगवट्याच्या खोलगटीत रंग साचतो. तोही एक डागच.

मोकळी_जागा

पोताबद्दल मी सांगते, कारण बहुतेक वर्गांत पोत म्हणजे ‘रिकामं दिसतंय, ठिपके दे’ एवढाच अर्थ उरलाय. ठिपके आणि बारीक रेघा दिल्या की छटा बदलते, हे आधी डोक्यात हवं. १ मिमीचे पांढरे ठिपके २ मिमी अंतराने दिले तर साधारण २० टक्के जागा पांढरी होते. तेच ४ मिमी अंतराने दिले तर ५ टक्के. म्हणजे गडद निळ्यावर दाट ठिपके दिले की तो लांबून एक पायरी उजळ होतो, विरळ दिले तर जवळजवळ तसाच राहतो. तुमच्या नमुन्यात पाकळी, पंख आणि लाटा तिन्हींवर सारखीच दाट नक्षी आहे, म्हणजे उरलासुरला छटांचा फरकही पुसला गेला.

पोत फार तर चित्राच्या तिसऱ्या हिश्शात द्यावा. पोपटांच्या पंखांत पिसांची नक्षी दिली तर कमळ सपाट राहू द्या. शेजारी सपाट जागा असली की पोत पोत दिसतो. प्रकारही दोनच पुरेत. पिसांना लहान कमानी, वरून खाली मोठ्या होत जाणाऱ्या. पाण्याला लांब रेघा, वर जवळजवळ आणि खाली सुट्या. अंतर बदलत गेलं की लय आपोआप येते. कोरड्या ब्रशने घासून किंवा स्पंजने टिपून आणलेला पोत सोपा असतो, पण आधी रद्दी कागदावर दोन-तीनदा टिपून जादा रंग काढून टाकायला हवा, नाहीतर नुसता चिखल.

रेघोटी

आउटलाइनबद्दल: मुलांवर बंदी घालू नका, जाडीचे तीन दर ठरवून द्या. पोपट, कमळ अशा बाहेरच्या कडेला २ मिमी, पाकळी-पाकळीमधे १ मिमी, आतल्या नक्षीला अर्धा. एकसारख्या जाडीची काळी रेघ सगळ्या आकारांना एकाच अंतरावर आणून ठेवते, म्हणून चित्र सपाट होतं. जिथे दोन छटांत आधीच दोन पायऱ्यांचा फरक आहे तिथे रेघ मुळीच नको. गडद निळ्यावरच्या उजळ कमळाला काळी कड देऊन काय मिळवायचं? उलट कमळाची कड आत सरकते आणि ते बारीक होतं.

रंगही काळाच हवा असं नाही. हिरव्या पोपटाला त्याच हिरव्यात निळा आणि थोडा तांबडा घालून केलेली गडद रेघ द्या, कमळाला गडद किरमिजी. मार्कर पोस्टर कलरवर चालवू नका. वरची भुकटी टोकात अडकते आणि रेघ तुटक येते. ० किंवा १ नंबरचा गोल ब्रश घ्या, रंग नेहमीपेक्षा थोडा पातळ, आणि मनगट टेकवून हात स्वतःकडे ओढायचा. वळण आलं की हात वळवण्यापेक्षा कागद फिरवायचा. त्यासाठी कागद बोर्डासकट फिरेल एवढी जागा बाकावर आधीच करून ठेवा.

सरावाला अडीच तास धरलेत तर वाटणी साधारण अशी: छोट्या मांडण्या १५ मिनिटं, मोठं रेखाटन ३५, रंग कालवून कडेला तपासणं १०, मागचा भाग २५, मोठे-मधले आकार ४०, पोत १५, रेघा १०. मुलं नेमकी पहिली १५ मिनिटं वाचवायला बघतात आणि शेवटी पोत-रेघांत तासभर घालवतात. पहिल्या काही आठवड्यांत फक्त ५ सेंमीच्या मांडण्याच तपासायला घ्या, मोठा कागद हातात देऊच नका.